माती काळजापर्यंत पोचते

मराठी वाचकाला सावनेर ठाऊक असते ते राम गणेश गडकऱ्यांमुळे. 23 जानेवारी 1919 रोजी त्यांनी शेवटचा श्वास घेतला तो कोलार नदीकाठच्या याच गावात. पण सावनेर तालुक्याची दुसरी एक थोरवी जमिनीखाली दडलेली आहे आणि ती फार थोड्यांनी वाचली आहे. इथली काळी कपाशीची जमीन सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हारसाची. त्याच तालुक्यात वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणींतून निघणारा कोळसा म्हणजे 25 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दलदलीत गाडली गेलेली झाडे. आणि खाप्याजवळच्या गुमगावला मॉयल कंपनीची मँगनीजची खाण आहे, तिथला खडक शंभर कोटी वर्षांपलीकडचा. सकाळी मोटरसायकल काढली तर संध्याकाळच्या आत तीन वेगवेगळ्या पृथ्व्या पाहून माणूस घरी परत येतो.

या तिन्ही खडकांच्या मातीत पेरलेली ज्वारी दिसायला सारखीच असेल. भाकर सारखीच थापली जाईल, सारखीच फुगेल. मात्र त्या भाकरीत खडकातून काय काय चढून आले, हे डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेलाही कळत नाही. ते कळते शरीराला, आणि कधी कधी थेट काळजाला. ही गोष्ट त्याचीच आहे. तिची सुरुवात चीनमध्ये होते, पण अलीकडचे एक प्रकरण आपल्याच विदर्भात घडले आहे.

चीनच्या ईशान्येला हेइलोंगजियांग नावाचा प्रांत आहे. काळ्या, सुपीक मातीसाठी तो नावाजलेला. त्यातल्या केशान तालुक्यात 1935 साली विचित्र मृत्यू होऊ लागले. मळमळ, उलट्या, छातीत दडपण, आणि पाहता पाहता माणूस जायचा. शवविच्छेदनात हृदय फुगलेले, सैल पडलेले दिसे आणि त्याच्या स्नायूंत जागोजाग मेलेल्या पेशींचे ठिपके आढळत. रक्तवाहिन्या तुंबलेल्या नसायच्या. रोगी म्हातारेही नसत. सर्वांत जास्त बळी पडत ती दोन ते दहा वर्षांची मुले आणि बाळंतपणाच्या वयातल्या बाया. या रोगाला तालुक्याचेच नाव पडले : केशान रोग.

पुढे डॉक्टरांनी रोग्यांची गावे नकाशावर मांडली आणि एक पट्टा उमटला. ईशान्येच्या हेइलोंगजियांगपासून नैर्ऋत्येच्या सिचुआन आणि युन्नानपर्यंत, अख्खा देश तिरपा कापत जाणारा. साथीचा रोग वाटेने पसरतो, बाजाराच्या गावात थांबतो, रेल्वेबरोबर पुढे जातो. हा पट्टा मात्र वर्षानुवर्षे जागच्या जागी राहिला. त्यातही मार बसे तो आपल्याच शेतात पिकलेले खाणाऱ्या शेतकरी कुटुंबांना. बाहेरचे धान्य आणि नाना तऱ्हेचे अन्न ज्यांच्या ताटात होते, ती माणसे बहुधा वाचत. साहजिकच संशय मातीवर गेला. तपासण्या झाल्या आणि त्या पट्ट्यातल्या मातीत, धान्यात, माणसांच्या केसांत आणि रक्तात एक मूलद्रव्य जवळजवळ नसल्यागत आढळले : सेलेनियम.

या मूलद्रव्याचे नाव मोठे सुंदर आहे. 1817 साली स्वीडनमध्ये याकोब बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाला गंधकाम्लाच्या कारखान्यातल्या गाळात एक लालसर पदार्थ मिळाला. तो टेल्युरियम असावा, असे त्याला आधी वाटले. टेल्युरियम हे नाव पृथ्वीवरून आलेले आहे. नीट पाहिल्यावर हा पदार्थ निराळा, पण टेल्युरियमचा सख्खा भाऊ शोभावा असा निघाला. म्हणून पृथ्वीच्या सोबत्याचे, चंद्राचे ग्रीक नाव त्याने त्याला दिले. माणसाच्या काळजाचे या चंद्राशी काही नाते असेल, हे त्या वेळी कुणाच्या मनातही आले नसेल. पुढची शंभरहून अधिक वर्षे सेलेनियमची ओळख विष म्हणूनच राहिली. 1957 मध्ये क्लाउस श्वार्ट्झ आणि कॅल्विन फोल्ट्झ यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की, त्याचा कण मिळाला नाही तर यकृत नासते. विष म्हणून गाजलेले मूलद्रव्य जगण्यासाठी अटळ निघाले.

लागते तरी किती? भारतीय प्रौढासाठी दिवसाला 40 मायक्रोग्रॅमची शिफारस आहे. स्वयंपाकघरातल्या मिठाचा एक बारीक दाणा सुमारे 60 मायक्रोग्रॅमचा असतो. म्हणजे दिवसभराची गरज मिठाच्या एका दाण्याहूनही कमी. तेवढ्या कणावर हृदयाचा जीव टांगलेला असतो.

याचे कारण आपल्या पेशींतच आहे. हृदय दिवसातून सुमारे लाख वेळा आकुंचन पावते आणि त्यासाठी त्याच्या पेशी अखंड प्राणवायू जाळत असतात. चूल पेटली की ठिणग्या उडतातच. पेशीतल्या या ठिणग्या म्हणजे पेरॉक्साइडसारखी तिखट रसायने, पेशीचे अस्तर खाऊन टाकणारी. त्यांना विझवणारे एक विकर शरीरात असते, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. त्याच्या अगदी गाभ्यात, जिथे खरे काम चालते तिथे, सेलेनियमचा अणू बसलेला असतो, हे 1973 साली उलगडले. तो अणू नसेल तर ठिणग्या विझत नाहीत, आणि ज्या स्नायूला क्षणाची उसंत नाही त्याला झळ लागते.

त्याहून मोठे आश्चर्य आपल्या जनुकांच्या लिपीत आहे. प्रथिन कसे विणायचे याची सूचना पेशी अक्षरांच्या त्रिकुटांत वाचते. त्यातले एक त्रिकूट म्हणजे पूर्णविराम; तिथे प्रथिन संपते. मात्र मोजक्या ठिकाणी, पुढे एक खास खूण असेल तर, पेशी त्या पूर्णविरामालाच अक्षर मानते आणि तिथे सेलेनियम असलेले अमिनो आम्ल बसवते. माणसात अशी 25 जनुके आहेत. जीवसृष्टीने या एका मूलद्रव्यासाठी स्वतःच्या व्याकरणाचा नियम वाकवला आहे. नियम वाकवूनही जो कण मिळवायचा, तो पुन्हा बाहेरून, मातीतूनच यावा लागतो.

आता परत चीनकडे जाऊ. संशय खरा आहे का, हे पाहायला 1974 साली सिचुआन प्रांतातल्या मिआननिंग तालुक्यात मोठा प्रयोग झाला. काही हजार मुलांना आठवड्यातून एकदा सोडियम सेलेनाइटची गोळी दिली : पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धा मिलिग्रॅम, त्यापुढच्यांना एक मिलिग्रॅम. बाकीच्या मुलांना सेलेनियम नसलेली गोळी. त्या वर्षी सेलेनियम न मिळालेल्या 3985 मुलांपैकी 54 जणांना केशान रोग झाला, तर मिळालेल्या 4510 पैकी 10 जणांना. पुढच्या वर्षी एकीकडे 5445 पैकी 52, दुसरीकडे 6767 पैकी फक्त 7. फरक इतका लख्ख होता की, 1976 पासून सगळ्यांनाच गोळी दिली गेली. ज्यांचे हृदय आधीच जखमी झाले होते ते मात्र गोळीने पूर्ववत झाले नाही. मेलेला स्नायू परत येत नाही. गोळी पुढची जखम टाळते, एवढेच.

एक कोडे तरीही उरले. मातीत सेलेनियम वर्षभर कमीच असते, मग रोग ठरावीक ऋतूंत का उसळायचा? एखादे वर्ष शांत आणि एखादे भयंकर का जायचे? असा चढउतार विषाणूंच्या रोगात दिसतो. रोग्यांच्या हृदयात कॉक्सॅकी नावाचे विषाणू सापडलेही होते. 1995 मध्ये अमेरिकेत मेलिंडा बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोडे सोडवणारा प्रयोग प्रसिद्ध केला. हृदयाला इजा न करणारा कॉक्सॅकी विषाणू त्यांनी सेलेनियमची कमतरता असलेल्या उंदरांना टोचला. त्या उंदरांची हृदये बिघडली. मग त्याच उंदरांतून विषाणू काढून चांगल्या पोसलेल्या, सेलेनियम भरपूर असलेल्या उंदरांना दिला, तर त्यांचीही हृदये बिघडली! विषाणूच बदलला होता. त्याच्या जनुकीय मजकुरातली सहा अक्षरे पालटली होती. उपाशी यजमानाच्या शरीरात गरीब विषाणू हिंस्र बनला आणि मग पोट भरलेल्यालाही त्याने सोडले नाही. माझ्या मते या साऱ्या गोष्टीतला सर्वांत मोठा धडा हाच आहे. एका घरातली पोषणाची उणीव त्या घरापुरती राहत नाही.

सेलेनियम कुठे कमी, कुठे जास्त, हे आधी खडक ठरवतो. लाव्हापासून झालेल्या बेसॉल्टमध्ये ते अगदी थोडे असते. चिखलापासून झालेल्या शेल खडकात आणि कोळशात जास्त. पुढचे पाणी आणि हवा ठरवतात. आम्लधर्मी मातीत ते लोहाला चिकटून बसते, पिकाच्या हाती लागत नाही. चुनखडीच्या, अल्कधर्मी मातीत ते विरघळून मुळांपर्यंत पोचते. गंमत अशी की, गहू-ज्वारीला स्वतःला सेलेनियमची गरजच नसते. ते दिसते गंधकासारखे. मुळे गंधक समजून त्याला आत घेतात आणि दाण्यात भरून ठेवतात. आपल्या हृदयाची राखण रोपांच्या या चुकीवर चालली आहे.

ही चूक दोन्ही बाजूंनी अंगाशी येऊ शकते. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांचे केस आणि नखे गळू लागली. तिथल्या दगडी कोळशात सेलेनियम ठासून भरलेले होते. तो जळे, झिजे, शेतात उतरे आणि मक्यात, भाजीत चढे. तिथल्या बाधित माणसांच्या पोटात दिवसाला सरासरी सुमारे 5 मिलिग्रॅम सेलेनियम जात होते. केशान रोगाच्या गावांत हाच आकडा सुमारे 11 मायक्रोग्रॅम होता. चारशेहून अधिक पटींचा फरक, तोही एकाच देशात. खुद्द एन्शीतच कमतरतेची आणि अतिरेकाची गावे एकमेकांपासून वीसेक किलोमीटरवर होती. सावनेरहून नागपूर याहून लांब आहे.

आता सावनेरहून पश्चिमेला, सुमारे तीनशे किलोमीटरवर जाऊ. बुलढाणा जिल्ह्यातला शेगाव तालुका. डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा, भोनगाव अशा गावांतली माणसे डोक्यावर हात फिरवीत आणि मूठभर केस हातात येत. आधी डोके खाजायचे, कुणाला ताप, कुणाला उलट्या, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, कॉलेजच्या मुली, लहान मुले, कुणीच सुटले नाही. बातम्यांनी त्याला ‘टक्कल व्हायरस’ म्हटले. गावच्या पोरींना कॉलेजात जायची लाज वाटू लागली, लग्ने अडू लागली. ही गावे पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातली, त्यामुळे पहिला संशय पाण्यावर गेला. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघालेही, पण खारे पाणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. मग आत्ताच केस का जावेत?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पथकाने गावांत येऊन नमुने घेतले. आणखी एक माणूस तिथे स्वतः होऊन पोचला : डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या गरीब घरात जन्मलेले, नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, आणि महाडला राहून विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध जगाला शिकवणारे डॉक्टर. विंचवाचे विष माणसाला मारते ते हृदय आणि फुप्फुसावर घाला घालून, हे त्यांनी कोकणातल्या खाटांशेजारी बसून ओळखले होते. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेच डॉक्टर शेगावच्या गावांत घरोघरी फिरले आणि लोक खातात काय, हे पाहू लागले.

सगळ्या घरांत एक गोष्ट सामाईक होती : कंट्रोलचा, म्हणजे रेशनचा गहू. बावस्करांनी तो प्रयोगशाळेत पाठवला. त्यांच्या तपासणीत किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. त्यांनी मानलेली नेहमीची पातळी 1.9 होती. गहू पाण्याने धुऊन पुन्हा तपासला, तरी 13.61. म्हणजे ते वरून लागलेले नव्हते, दाण्याच्या पोटातच भरलेले होते. रोग्यांच्या रक्तात सेलेनियम 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट वाढलेले त्यांना आढळले; जस्त मात्र घटलेले होते. 18 गावांतल्या 279 जणांना हा त्रास झाल्याचे त्यांनी सांगितले. पुढे एप्रिल 2025 मध्ये त्याच भागातून नखे गळण्याच्या बातम्या आल्या, तेव्हा एन्शीची आठवण येणे अटळ होते. केस आणि नखे ज्या प्रथिनाची बनतात, त्याला गंधकाच्या सांध्यांनी मजबुती येते. सेलेनियम गंधकाचे सोंग घेऊन त्या सांध्यांत शिरते आणि सांधा कच्चा राहतो.

त्या आकड्याचे गणित मी कागदावर करून पाहिले. 100 ग्रॅम पीठ, म्हणजे तीन-चार पोळ्या. त्यात 1452 मायक्रोग्रॅम सेलेनियम. प्रौढाने दिवसाला 400 मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, असे मानले जाते. म्हणजे एका जेवणातच साडेतीन पटींहून जास्त. दोन्ही वेळा पोळीच खाणाऱ्याच्या पोटात 300 ग्रॅम पीठ गेले, तर 4 मिलिग्रॅमच्या वर. एन्शीची सरासरी 5 होती. साठ वर्षांपूर्वीचे चिनी डोंगर शेगावच्या तव्यावर येऊन बसले होते. दिलासा एवढाच की, तो गहू बंद केल्यावर काही जणांचे केस पुन्हा उगवू लागले.

शेगावच्या काळ्या मातीत हे सेलेनियम आले कुठून? बावस्करांचे उत्तर असे की, ते तिथले नव्हतेच. त्यांनी त्या गव्हाचा माग पंजाब-हरियाणाकडे लावला. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी, होशियारपूर आणि नवांशहर भागात, पावसाळी ओढ्यांनी डोंगरावरून आणलेल्या गाळात सेलेनियम भरपूर आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्या जमिनींचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. तिथल्या काही गावांत जनावरांचे खूर आणि शिंगे खराब होतात, माणसांचे केस-नखे बिघडतात, हे नोंदलेले आहे. अशा जमिनीवर पिकलेला गहू एरवी इतर गव्हात मिसळून पातळ होतो आणि कुणाला काही कळत नाही. पण एकाच शेताशिवाराचा माल एका पोत्यात, एका तालुक्यात उतरला, तर शेकडो किलोमीटरवरचा खडक थेट त्या गावाच्या डोक्यावर उतरतो.

केशानची माणसे मेली, कारण त्यांना पायाखालच्या मातीखेरीज दुसरे काही खायला मिळत नव्हते. बाहेरचे धान्य पोचू लागले, आहार सुधारला, तसतसा तो रोग ओसरत गेला. तिथे दूरच्या मातीने जीव वाचवला. शेगावला दूरच्याच मातीने केस नेले. मग चांगले काय, गावचे की बाहेरचे? माझे उत्तर आहे : माहितीचे आणि मिसळीचे. धान्य अनेक मातींतून आले पाहिजे, आणि कोणत्या मातीतून आले हे कुणाला तरी ठाऊक पाहिजे. फिनलंडने हे करून दाखवले. त्या देशाची माती सेलेनियमला दरिद्री. 1984 साली तिथे निर्णय झाला आणि 1985 पासून शेतीच्या खतातच मोजून सेलेनियम मिसळले जाऊ लागले. पीक, दूध, माणसाचे रक्त यांची नियमित तपासणी ठेवली. काही वर्षांतच लोकांच्या आहारातले सेलेनियम दुपटीहून वाढले.

आपल्याकडे अन्नसुरक्षा कायद्याने दरडोई धान्य घरात येते, ही मोठी गोष्ट आहे, ती टिकलीच पाहिजे. त्याच व्यवस्थेला आणखी एक सवय लावता येईल. गोदामात शिरणाऱ्या धान्याचा ओलावा आणि खडे पाहिले जातात, तसे ज्या भागांची माती सेलेनियमने भरलेली आहे तिथल्या गव्हाचे नमुने तपासावेत, तो माल एकाच ठिकाणी उतरवू नये, आणि पोत्यावर मूळ जिल्ह्याचे नाव यावे. हे फार अवघड नाही. पोत्यावर नाव असते, तर पाण्यावर संशय घेण्यात गेलेले दिवस वाचले असते.

तुम्हा वाचकांना दोनच विनवण्या. हे वाचून सेलेनियमच्या गोळ्या आणायला दुकानात जाऊ नका. गरज आणि धोका यांच्यातले अंतर फक्त दहा पट आहे आणि ते डॉक्टरांनीच मोजावे. ताटात मात्र गव्हासोबत आपली ज्वारी, तूर, हरभरा, जमेल तेव्हा अंडे-मासळी असू द्या, म्हणजे एकाच खडकावर जीव टांगलेला राहणार नाही. आणि पुढच्या महिन्यात कंट्रोलमधून पोते आणाल, तेव्हा दुकानदाराला एकदा तरी विचारा : हा गहू कुठल्या मातीतला आहे?